पारायण नव्हे, उजळणी!

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की महाराष्ट्रातील हजारो घरांची हवा पालटते. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी मुकी होते, पाहुण्यांना 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' असे सांगून सौजन्याने वाटेला लावले जाते, प्रवासाचे बेत मे महिन्यापर्यंत पुढे ढकलले जातात, आणि पंधरा-सोळा वर्षांचे एक मूल साऱ्या कुटुंबाच्या आशेचे व चिंतेचे केंद्र होऊन बसते. राज्य मंडळाच्या नऊ विभागांतून दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुले-मुली शालान्त परीक्षेस बसतात. एवढा मोठा समुदाय एकाच वेळी एकाच कामाला जुंपलेला असतो. आणि ते काम करावे कसे, हे मात्र त्यांपैकी बहुतेकांना कोणी शिकविलेले नसते! गणित कसे सोडवावे हे शाळा शिकविते, निबंध कसा लिहावा हेही शिकविते. परंतु शिकलेले ध्यानात कसे ठेवावे, ह्याविषयी 'नीट अभ्यास करा' ह्या तीन शब्दांपलीकडे ती सहसा जात नाही. ही उणीव आम्हांस इतकी मोठी वाटते की, एरवी राजकारणाच्या वावटळींना दिलेली पहिल्या पानावरील ही जागा आज आम्ही मुलांच्या उजळणीला देत आहोत.

अभ्यास म्हणजे काय, असे कोणत्याही सुशिक्षित घरात विचारून पाहावे. उत्तर तासांत येते. 'आमचा मुलगा दिवसाला आठ तास बसतो', 'आमची मुलगी रात्री एकपर्यंत जागते', 'विज्ञानाची तिसरी वाचणी झाली, आता चौथी चालू आहे.' बसणे, जागणे आणि वाचणे ह्या तीन क्रियांना आपण अभ्यास समजत आलो आहोत. पुस्तक पुढे उघडे आहे, हातात पिवळ्या-गुलाबी शाईची लेखणी आहे, ओळीमागून ओळ रंगविली जात आहे, आणि पान उलटले जात आहे. हे दृश्य पाहून आई-वडिलांना समाधान वाटते आणि मुलालाही वाटते. वस्तुतः हा अभ्यास नव्हे, हे पारायण होय. पोथीच्या पारायणाला त्याच्या जागी मान आहे. तेथे वाचणे हीच सेवा असते आणि वाचून झाल्यावर कोणी प्रश्नपत्रिका पुढे ठेवीत नाही. परीक्षक मात्र 'तू हा धडा किती वेळा वाचलास?' असे कधीच विचारीत नाही. तो पुस्तक काढून घेतो, कोरा कागद देतो आणि म्हणतो, 'सांग.' पुस्तक मिटलेले असताना सांगणे, हे जे एकच काम परीक्षागृहात करावयाचे, त्याचाच सराव तेवढा घरी होत नाही. आमच्या लेखाचे तात्पर्य म्हणाल तर एवढेच आहे: अभ्यासाचा मोलाचा भाग पुस्तक उघडल्यावर नव्हे, तर ते मिटल्यावर सुरू होतो.

हे केवळ आमचे मत असते तर त्यास फारसा अर्थ नव्हता. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकींत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या बैठकीपुरता वाचला आणि उरलेल्या तीन बैठकींत उतारा न पाहता जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना शेकडा ८३ भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७१. परंतु एका आठवड्यानंतर पारडे फिरले. वाचणाऱ्यांपाशी शेकडा ४० उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१! ह्या प्रयोगातील खरा बोधप्रद भाग निराळाच आहे. पुढे किती लक्षात राहील, असे आधी विचारले असता वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास अधिक होता. ज्यांची झोळी फाटकी होती, त्यांनाच ती भरलेली वाटत होती.

कोणी म्हणेल, हे तर महाविद्यालयीन तरुण. शाळकरी मुलांचे काय? त्याचेही उत्तर जुने आहे. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर ह्यांनी आयोवा राज्यातील ९१ शाळांतील सहावीच्या ३,६०५ मुलांवर अशीच चाचणी करून दाखविली होती. वाचल्यानंतर लवकरच ज्यांना प्रश्न विचारले गेले, त्यांच्या ध्यानात पुढेही अधिक राहिले. पुढे २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींचा साधार आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणे ह्या दोनच रीतींना त्यांनी वरची श्रेणी दिली. ओळी रंगविणे आणि पुनःपुन्हा वाचणे ह्या आपल्या घरोघरीच्या लाडक्या रीती खालच्या श्रेणीत गेल्या.

असे का व्हावे? वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा मनाचा समज होतो. रोज बसच्या खिडकीतून दिसणारा रस्ता आपल्याला पाठ आहे असे आपण समजतो. पण एखाद्या परक्या गावच्या माणसाने त्याच रस्त्यावरील पत्ता विचारला की आपण घुटमळतो. जो पायी चालला आहे आणि दोनदा चुकला आहे, तोच नेमके वळण सांगू शकतो. स्मरणाचेही तसेच आहे. आठवण्याच्या प्रयत्नाने मनातील वाट रुळते. आठवताना होणारा त्रास हे अभ्यास बिघडल्याचे नव्हे, तर तो घडत असल्याचे चिन्ह होय. आपली मुले ह्या त्रासाला घाबरतात, पुस्तक पुन्हा उघडतात, आणि सोपे वाटले म्हणजे आले, असे मानून पुढे जातात.

आणि हे ज्ञान आपल्याकडे परदेशातूनच आले पाहिजे असेही नव्हते. दिवेलागणीच्या वेळी देवापुढे बसून परवचा म्हणण्याची चाल ज्यांच्या घरी होती, ते वाचक आजही हयात आहेत. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही सारी पुस्तक न पाहता, मोठ्याने, रोज थोडी थोडी आणि कोणीतरी ऐकत असताना म्हटली जात. वेदपाठकांनी तर ह्याच्याही पुढची मजल मारली होती. क्रम, जटा, घन ह्या पाठांत तीच पदे उलटसुलट जोडून म्हणावयाची असल्यामुळे केवळ ओघावर विसंबून चालत नसे. ह्या पद्धतींत अर्थ समजण्याकडे दुर्लक्ष होई, हा आक्षेप खरा आहे आणि तेवढ्यापुरता त्यांचा त्याग योग्यच झाला. परंतु घोकंपट्टीला हाकलून देताना आपण आठवणीच्या सरावालाही दार दाखविले, आणि रिकाम्या जागी आणून बसविले ते पारायण! समज आणि स्मरण ही एकमेकींची वैरिणी नाहीत. जे समजले नाही ते टिकत नाही, हे जितके खरे, तितकेच जे आठवत नाही त्यावर पुढची समज उभी राहत नाही, हेही खरे.

दुसरी गोष्ट अंतराची. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरतात ह्याची मोजदाद केली आणि १८८५ साली ती ग्रंथरूपाने मांडली. विसरणे आरंभी झपाट्याने होते, मागाहून त्याचा वेग मंदावतो, आणि एका दमात केलेल्या आवर्तनांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली आवर्तने अधिक फळ देतात, हे त्याने दाखविले. रविवारी सलग चार तास इतिहास वाचण्यापेक्षा चार निरनिराळ्या दिवशी एकेक तास देणे अधिक लाभाचे, हा त्याचा घरगुती अर्थ होय. परीक्षा दूर असताना एका धड्याच्या दोन उजळण्यांत आठवड्याचे किंवा त्याहून थोडे अधिक अंतर असावे. परीक्षा जवळ आली की ते दोन-तीन दिवसांवर आणावे. मध्यंतरी थोडे विसरले तर बिघडत नाही. किंचित विसरलेले पुन्हा ओढून काढण्यातच बळकटी येते. दिवाळीनंतर हाती उरणाऱ्या तीन महिन्यांचे मोल ह्यासाठीच आहे; फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हे अंतर कोणालाही विकत घेता येणार नाही.

तिसरी गोष्ट मिसळीची. पाठ्यपुस्तकातील वर्गसमीकरणांच्या सरावसंचात प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचेच असते; कोणती रीत वापरावी हे प्रकरणाच्या मथळ्यानेच सांगून टाकलेले असते. प्रश्नपत्रिकेत मथळा नसतो. तेथे अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी ही सारी मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि समोर आलेले उदाहरण कोणत्या घराण्यातले, हे ओळखणे हेच अर्धे काम असते. रोहरर व टेलर ह्यांनी २००७ साली घनफळाच्या उदाहरणांवर केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडविणाऱ्यांना सरावाच्या वेळी शेकडा ८९ बरोबर येत होती, मिसळून सोडविणाऱ्यांना अवघी ६०. एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांना २० आली, मिसळवाल्यांना ६३! सराव करताना जे सुरळीत चालते तेच अखेरीस उपयोगी पडते, हा भ्रम येथेही उघडा पडतो.

आता हे प्रत्यक्षात आणावयाचे कसे? त्यासाठी ना शिकवणीची फी लागते, ना नवे पुस्तक. धडा एकदा नीट, समजून वाचावा. मग पुस्तक मिटून बाजूस ठेवावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे: मुख्य मुद्दे, व्याख्या, आकृती. दहावीच्या भूगोलात २०१८ साली भारत व ब्राझील ह्यांची तुलना आली. ती वाचून झाल्यावर दोन रकाने आखून हवामान, लोकसंख्या, व्यवसाय हे पुस्तकाविना भरून पाहावेत. भिंगाची किरणाकृती पाहून गिरविण्यात अर्थ नाही. न पाहता काढावी आणि मग ताडून पाहावी. हे ताडून पाहणे कदापि चुकवू नये, नाही तर चूकच पक्की होऊन बसते. जे आठवले नाही वा चुकले, त्याची नोंद एका निराळ्या वहीत करावी. आठवड्याने उजळणीला बसावयाचे ते त्या चुकांच्या वहीपासून. जे येते तेच पुन्हा करण्याचा मोह सर्वांना असतो, आणि त्यात वेळ सुखाने पण व्यर्थ जातो. अखेरच्या पर्वात मंडळाच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ ठेवून, उत्तरे झाकून सोडवाव्यात. तयार उत्तरांचे प्रश्नसंच नुसते वाचणे म्हणजे दुसऱ्याने घातलेले सूर्यनमस्कार मोजण्यासारखे आहे.

येथे घरातील वडीलधाऱ्यांचे काम येते, आणि ते पहारेकऱ्याचे नव्हे, श्रोत्याचे आहे. मुलाला विषय शिकविण्याइतके गणित वा विज्ञान आपल्याला आता येत नाही, ह्याची खंत अनेक आई-वडिलांना वाटते. ती त्यांनी सोडून द्यावी. पुस्तक हातात धरून 'मला सांग बरे' असे म्हणावयास विषय यावा लागत नाही. आजीला रक्ताभिसरण समजावून सांगताना नातीची जीभ जेथे अडेल, तेथेच तिच्या अभ्यासातील भोक आहे. आणि 'म्हणजे काय ग?' हा आजीचा भाबडा प्रश्न पुष्कळ वेळा परीक्षकाच्या प्रश्नापेक्षाही भेदक असतो. मात्र ऐकताना चेहऱ्यावर आठी नको, शेजारच्या मुलाचे नाव नको आणि गुणांचा हिशेब नको. चुकले तर मूल शिव्या खाणार असेल, तर ते चूक लपवील. आणि लपविलेली चूक मार्चमध्ये उत्तरपत्रिकेवर उमटल्यावाचून राहणार नाही. रोज रात्री 'किती तास झाले?' हा प्रश्न पुसून टाकावा आणि त्या जागी 'आज काय आठवलं, कुठं अडलं?' हा प्रश्न यावा. एवढा एक बदल झाला तरी पुष्कळ घरांतील वातावरण निवळेल.

झोपेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण जागरणाला आपल्याकडे तपश्चर्येची प्रतिष्ठा आहे. जेन्किन्स व डालेनबाख ह्यांनी १९२४ सालीच दाखविले होते की, पाठ केल्यावर झोप घेतली असता तेवढ्याच वेळाच्या जागेपणापेक्षा कमी विसरले जाते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रावैद्यकातील तज्ज्ञांच्या अमेरिकेतील संस्थेने २०१६ साली जाहीर केले. ह्या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते. झोप उशिरा येते आणि पहाटे जाग येत नाही, ती आळसामुळेच असे नव्हे. रात्री बारापर्यंत बसलेल्या मुलाला चार वाजता ब्राह्ममुहूर्ताच्या नावाने उठविणे म्हणजे दिवसा पेरलेले बी रात्री उकरून काढणे होय. आणि मुलाचा मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावयाचा असेल, तर तेथे वडिलांचाही मोबाइल ठेवलेला दिसावा!

शाळांनाही आमचे एक सांगणे आहे. पूर्वपरीक्षा घेण्याचा प्रघात सर्वत्र आहे. पण तपासलेली उत्तरपत्रिका उशिरा हाती येते, मूल गुण पाहते, घडी घालते आणि दप्तरात कोंबते. प्रस्तुत लेखकाने पत्रकारितेत येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत खडू झिजविला आहे, आणि त्या अनुभवावरून तो खात्रीने सांगू शकतो की, वर्षभरातील सर्वांत किंमती तास म्हणजे उत्तरपत्रिका परत देऊन चुकांची चर्चा करण्याचा तास. अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा आहे ही सबब शिक्षकांच्या ओठांवर नेहमीच असते, आणि ती खोटी नाही. तरीही तासाच्या आरंभी पाच मिनिटे, 'गेल्या आठवड्यात काय शिकलो ते वही न उघडता लिहा', एवढे करावयास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ह्या पाच मिनिटांना गुण नसावेत. चाचणीला आपण न्यायासन करून ठेवले आहे. ती मुळात तालमीचे मैदान आहे.

गुण मिळविण्याच्या युक्त्या शिकवून आम्ही परीक्षेचे स्तोम वाढवीत आहोत काय, अशी शंका काही विचारी वाचकांना येईल. शिक्षण म्हणजे परीक्षा नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. पण ह्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती गुणांहून फार मोठी आहे. जे मूल प्रामाणिकपणे आठ तास बसते, चारदा वाचते, आणि तरीही परीक्षागृहात ज्याच्या मनाची पाटी कोरी होते, ते मूल काय अनुमान काढील? 'माझी रीत चुकली' असे ते म्हणत नाही, कारण दुसरी रीत असते हेच त्याला ठाऊक नसते. ते म्हणते, 'मी ढ आहे.' वयाच्या सोळाव्या वर्षी स्वतःविषयी लिहिलेला हा शेरा पुष्कळांना साठाव्या वर्षापर्यंत पुसता येत नाही. कष्टाळू मुलांना बुद्धिहीन ठरविणारी ही चूक आपल्या समाजात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तिची किंमत निकालाच्या टक्केवारीत कधीच दिसत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तेव्हा उत्तीर्णांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते. त्या मोजक्या तरुणांच्या परीक्षेचा आज पंधरा लाखांचा महासागर झाला आहे. त्यात दिवसभर काम करून रात्रशाळेत जाणारा मुलगा आहे, शाळा सुटल्यावर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसणारी मुलगी आहे, आणि ज्यांच्या घरात ह्यापूर्वी कोणीही शालान्त परीक्षा दिलेली नाही अशी असंख्य मुले आहेत. महागड्या शिकवण्या त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. परंतु पुस्तक मिटून आठवणे, दिवसांच्या अंतराने उजळणे, मिसळून सोडविणे आणि वेळेवर झोपणे ह्यांना पैसा लागत नाही. लागतो तो एक श्रोता.

म्हणून आमच्या सुशिक्षित वाचकांस आमची विनंती आहे. आपल्या मुलाचे पुस्तक तर आज संध्याकाळी हातात घ्याच; पण आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याची, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी यंदा दहावीला असेल, तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास तिलाही बोलवा. शिकवू नका, उपदेश करू नका. तिचे पुस्तक आपल्या हाती घ्या, मिटा, आणि म्हणा, 'सांग.'